वाचकांचे प्रश्न : नेपाळ वीज विकतो, मग विकत का घेतो?

प्रश्न : आमच्या सोसायटीचे रखवालदार काका मूळचे नेपाळचे. २००८-०९च्या हिवाळ्यात काठमांडूत दिवसाचे सोळा तास वीज नसे, ही आठवण ते अजून सांगतात. आता त्यांचा देश भारताला वीज विकतो असे वाचले. पण हिवाळ्यात तोच देश आपल्याकडून वीज घेतो, असेही वाचनात आले. एवढ्या नद्या असताना ही वेळ का यावी? आणि तिथले भारनियमन नेमके कशामुळे संपले?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : आपण वाचलेल्या दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. नेपाळकडे वाहते पाणी उदंड आहे, साठवलेले मात्र फार थोडे. जलविद्युत म्हटले की आपल्याला कोयनेचा शिवसागर आठवतो. पावसाळ्यात तिथे अडवलेले पाणी एप्रिल-मेच्या संध्याकाळीही टर्बाइनवर सोडता येते. नेपाळचे बहुतेक प्रकल्प तसे नाहीत. नदीवर लहान बंधारा घालायचा, पाणी बोगद्यात वळवून उतारावरून टर्बाइनवर सोडायचे आणि खाली पुन्हा नदीला द्यायचे, अशी त्यांची रचना असते. २०२१ मध्ये सुरू झालेला ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी प्रकल्पही याच जातीचा आहे. अशा काही प्रकल्पांना संध्याकाळच्या मागणीसाठी काही तासांचे पाणी राखून ठेवता येते, परंतु आषाढातले पाणी पौषापर्यंत टिकवता येत नाही. हिवाळ्यात पाऊस थांबतो, वरचे बर्फ वितळत नाही, आणि ही निर्मिती क्षमतेच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरते. संपूर्ण ऋतूचे पाणी साठवणारा मोठा जलाशय कुलेखानीचा. त्यावरील तिन्ही विद्युतगृहे मिळून १०६ मेगावॉटची आहेत, तर एकट्या कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. त्यामुळे नेपाळच्या वीजनिर्मितीचा कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या महिन्यातला, हे आधी पाहावे.

वीज पुरवण्याची जबाबदारी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या नेपाळ विद्युत प्राधिकरणाकडे आहे. खासगी प्रकल्पांकडून वीज घेताना प्राधिकरणाने पावसाळी युनिटला ४.८० आणि कोरड्या महिन्यांतील युनिटला ८.४० नेपाळी रुपये असा दर ठरवला होता. हिवाळ्यातील युनिटचे मोल त्यावरून कळते. (या देशाला विजेची ओळख उशिरा झाली असे मात्र नाही. फर्पिङ येथील ५०० किलोवॉटचे विद्युतगृह १९११ मध्ये सुरू झाले, म्हणजे आपल्या खोपोलीच्या चार वर्षे आधी.)

भारनियमनाविषयी आपला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर २०१६ मध्ये कुलमान घिसिङ प्राधिकरणाचे कार्यकारी संचालक झाले आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत काठमांडू उजळले. एवढ्या थोड्या काळात कोणतेही धरण उभे राहत नाही. काही उद्योगांना संध्याकाळीही अखंड मिळणारी वीज घरांकडे वळवण्यात आली आणि कुलेखानीचे पाणी गर्दीच्या तासांसाठी जपून वापरले जाऊ लागले. वीजगळतीही काही वर्षांत सुमारे २६ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या घरात आली. मात्र २०१६च्याच फेब्रुवारीत सुरू झालेली, बिहारमधून नेपाळला वीज नेणारी मुझफ्फरपूर-ढल्केबर वाहिनी नसती, तर वाटायला पुरेशी वीजच नव्हती. घिसिङ यांचे कौतुक योग्यच आहे, पण या वाहिनीचे नाव त्यासोबत क्वचितच घेतले जाते, ही मला अन्यायाची गोष्ट वाटते.

याच जोडणीमुळे आज वीज उलट दिशेनेही येते. नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळची वीज भारतीय वीजबाजारात विकली जाऊ लागली, जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत निर्यातीचा करार झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारताच्या जाळ्यातून ४० मेगावॉट वीज बांगलादेशला देण्यास प्रारंभ झाला. पावसाळ्यात जास्तीची वीज विकणे आणि हिवाळ्यात तूट भरून काढणे यात नेपाळला कमीपणा आहे, असे मी मानत नाही.

हिवाळ्याची तूट कमी करायची, तर ऋतूभर पाणी धरणारे जलाशयच हवेत. १४० मेगावॉटचा तनहुँ प्रकल्प त्यासाठीच हाती घेण्यात आला. आपल्या ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात घाटघर उदंचन प्रकल्पाचा खालचा जलाशय आहे. त्यातील पाणी स्वस्त विजेच्या वेळी वर चढवून मागणीच्या वेळी खाली सोडतात, मात्र हा हिशेब तासांचा असतो. महिन्यांचा हिशेब जुळवण्यासाठी हिमालयात अख्खे खोरे पाण्याखाली जाते, आणि त्या खोऱ्यात गावे व शेते असतात.