पत्रकाराचा फोन आला तर

अगं, एखाद्या नव्या संशोधनावर संशोधक म्हणून तुझी प्रतिक्रिया विचारायला पत्रकाराचा फोन आला, तर तो टाळू नकोस. आधी डेडलाइन विचार. वर्तमानपत्राची पानं लागल्यावर दिलेली प्रतिक्रिया वाया जाते. मूळ शोधनिबंध मागव, नुसत्या प्रेसनोटवर बोलू नकोस.

टक्के सांगितलेस तर कशाचे, तेही सांग. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सांगितलं, रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. ऐकून धस्स होतं! पण 100 जणांत मुळात 5 रुग्ण असतील, तर ते सुमारे 6 होतात. संस्थेने हे मांस तंबाखूच्याच, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात ठेवलं ते पुरावा तितका भक्कम म्हणून, धोका तेवढाच म्हणून नव्हे. हे मी पत्रकाराला दोनदा सांगते.

विषय तुझा नसेल तर स्पष्ट सांग आणि जाणकार सुचव.