युद्धकैद्यांचे चित्रपट बघायला घेताय?

'द ग्रेट एस्केप' (१९६३) आधी बघा. मोटारसायकलची उडी निव्वळ सिनेमाची, ती सोडून द्या. लक्ष ठेवा वाळूवर. बोगद्यातली वाळू पँटच्या आतल्या पिशव्यांमधून चालता चालता मैदानात सांडायची, हे मात्र अगदी खरं. १९४४ मध्ये जर्मनांच्या त्या छावणीतून ७६ जण निसटले, ७३ पकडले गेले, त्यांतल्या ५० जणांना गोळ्या घातल्या.

मग 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७). अभिनय अप्रतिम, पण त्यातला जपान्यांना मनापासून पूल बांधून देणारा कर्नल म्हणजे खऱ्या फिलिप टूझींवर, तिथल्या कैद्यांच्या ब्रिटिश अधिकाऱ्यावर, अन्याय, मला तो आजही खटकतो. टूझींनी आपली माणसं जगवली, कामात जमेल तिथे खोडा घातला. आणि हा पूल ज्या बर्मा-सयाम रेल्वेसाठी होता, तिच्या बांधकामात मेलेल्या हजारो तमिळ मजुरांची कहाणी त्यात नाहीच. त्यांच्याबद्दल वेगळं, जरूर वाचा.