फॉयरमान यांचा चेलो

प्रश्न : व्हायोलिनवादक हायफेट्झ आणि पियानोवादक रुबिनश्टाइन यांच्यासोबत बेथोव्हेनच्या 'आर्चड्यूक' त्रयीत (तीन वाद्यांसाठीच्या रचनेत) चेलो, म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातले मोठे, खर्जातले वाद्य, वाजवणारे इमॅन्युएल फॉयरमान कोण होते? त्यांची गणना थोर वादकांत होत असेल, तर त्यांचे नाव चेलोवादक पाब्लो कासाल्स यांच्याइतके कानावर का पडत नाही?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आयुर्मानात आहे. कासाल्स ९६ वर्षे जगले. फॉयरमान ३९व्या वर्षी गेले, आणि तेही दीर्घ ध्वनिमुद्रणाची एलपी तबकडी बाजारात येण्याच्या सहा वर्षे आधी. त्यामुळे त्यांचे बहुतेक वादन एका बाजूला जेमतेम चार-पाच मिनिटे मावणाऱ्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरच राहिले. बाखचे एकट्या चेलोसाठीचे सहाही सुईट्स (नृत्यरचनांच्या मालिका) कासाल्स यांनी ध्वनिमुद्रित केले, फॉयरमान यांच्या हातून ते झाले नाही.

फॉयरमान यांचा जन्म १९०२ मध्ये, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या कोलोमिया गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. थोरले बंधू झिगमुंड यांचे व्हायोलिनवरील बालवयातले कौतुक एवढे मोठे होते की सारे कुटुंब त्यासाठी व्हिएन्नाला आले. चेलोवादकाने व्हायोलिन हाच आपला आदर्श मानावा, ही फॉयरमान यांची वृत्ती या घरातच रुजली असावी असे मला वाटते. १९१४ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांनी वाइनगार्टनर यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबत हाइडनची डी मेजर कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीची रचना) वाजवली. पुढे लाइपझिगला चेलोवादक युलिउस क्लेंगेल यांच्याकडे ते शिकले आणि क्लेंगेल यांच्याच शिफारशीवरून सोळाव्या वर्षी कोलोनच्या संगीतविद्यालयात शिकवू लागले.

१९२९ मध्ये ते बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक झाले. व्हायोलिनवर शिमॉन गोल्डबर्ग, व्हिओलावर संगीतकार पाउल हिंडेमिट आणि चेलोवर फॉयरमान, अशी त्यांची त्रयी त्या काळात गाजली. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि केवळ ज्यू असल्याच्या कारणावरून त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर व्हिएन्नाचा आसराही संपला, आणि ते पत्नी व मुलीसह पॅलेस्टाइनमार्गे अमेरिकेत गेले. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत त्यांनी शिकवले. आपण उल्लेखिलेले 'आर्चड्यूक'चे वादन सप्टेंबर १९४१ मधल्या ध्वनिमुद्रणातले आहे. पुढच्याच मे महिन्यात, एका किरकोळ म्हणवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर पोटात जंतुसंसर्ग पसरून, न्यूयॉर्कमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

त्यांचे वेगळेपण नेमके कशात होते, हे शूबर्टच्या 'आर्पेजिओने' सोनाटावरून चटकन कळते. १८२४ मध्ये लिहिलेली ही रचना मुळात चेलोसाठी नाहीच. गजाने वाजवायच्या, गिटारसारख्या पडद्यांच्या आणि सहा तारांच्या एका वाद्यासाठी ती आहे, आणि ते वाद्य लवकरच विस्मृतीत गेले. चार तारांच्या चेलोवर ती वाजवताना हात वारंवार पट्टीच्या खालच्या टोकाकडे, घोडीच्या दिशेने न्यावा लागतो. तिथे स्वरांमधले अंतर इंचाचाही अंश असते आणि अंगठा तारेवर आडवा टेकवून बोटे चालवावी लागतात. बहुतेकांच्या वादनात ही धडपड ऐकू येते. फॉयरमान यांनी १९३७ मध्ये पियानोवादक जेराल्ड मूर यांच्यासोबत केलेल्या मुद्रणात हात सरकल्याचा किंवा गज उलटल्याचा मागमूसही लागत नाही, जणू एकच गायक एका श्वासात गातो आहे. हे वादन फार गुळगुळीत आहे, अशी तक्रार क्वचित ऐकू येते. मला मात्र ती पटत नाही.

त्यांच्या शिष्यांमध्ये हिदेओ साइतो यांचा उल्लेख अवश्य करायला हवा. हे जपानी चेलोवादक वयाने आपल्या गुरूंपेक्षा सहा महिन्यांनी मोठे होते! बर्लिनहून परतल्यावर त्यांनी जपानमध्ये वादकांची एक पिढी घडवली. वाद्यवृंद-संचालक सेइजी ओझावा हे त्यांचेच विद्यार्थी. फॉयरमान यांनी वाजवलेला १७३० चा स्ट्रॅडिव्हारी चेलोही पुढे एका जपानी संगीत प्रतिष्ठानाच्या मालकीचा झाला, आणि त्या प्रतिष्ठानाने तो ब्रिटिश वादक स्टीव्हन इसरलिस यांना वाजवण्यासाठी दिला होता.