ट्रेनीची जागा मिळण्याआधीच एसक्यूईवर खर्च करावा काय?

प्रश्न : आम्ही अनेक वर्षे इंग्लंडमध्ये स्थायिक आहोत. मुलीने येथेच कायद्याची पदवी घेतली असून ट्रेनी सॉलिसिटरच्या जागांसाठी ती सतत अर्ज करते आहे. निवड मात्र झालेली नाही. तोवर आमच्या बचतीतून तिला एसक्यूईचा (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन, म्हणजे सॉलिसिटर या प्रकारचे वकील होण्यासाठीची परीक्षा) अभ्यासक्रम आणि दोन्ही परीक्षा (एसक्यूई-१ व एसक्यूई-२) करू द्याव्यात काय?
– एक वाचक, हॅरो

उत्तर : सगळी रक्कम एकदम भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लंडनमधील मोठ्या फर्म्स साधारण दोन वर्षे आधी निवड करतात, निवडलेल्यांचे अभ्यासक्रमाचे व परीक्षेचे शुल्क स्वतः भरतात आणि पुष्कळदा ठरावीक संस्थेतच शिकण्याचा आग्रह धरतात. तेथे परीक्षा आधीच दिलेली असल्याने पारडे फारसे जड होत नाही आणि खर्च केलेले पैसे परत मिळतीलच असेही नाही. लहान फर्म्सना हे शुल्क सहसा परवडत नाही, त्यामुळे एसक्यूई-१ उत्तीर्ण उमेदवार त्यांना सोयीचा वाटू शकतो. तेव्हा मुलगी अर्ज कोठे करते आहे, हे आधी पाहावे.

२०२१ मध्ये एसक्यूई आल्यापासून पारंपरिक ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टवाचूनही (फर्मशी होणाऱ्या प्रशिक्षण-करारावाचूनही) सॉलिसिटर होता येते. दोन वर्षांचा पात्र कामाचा अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पूर्ण करता येतो आणि त्यात पॅरालीगलची, म्हणजे वकिलांच्या सहायकाची, पगारी नोकरीही धरली जाते. म्हणून पहिला प्रयत्न अशा नोकरीचा असावा. मात्र तेथील सॉलिसिटर या अनुभवावर सही करतील काय आणि परीक्षाशुल्कात फर्म काही वाटा उचलेल काय, हे रुजू होण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

दोन्ही परीक्षांचे शुल्कच पाच हजार पौंडांच्या घरात जाते, अभ्यासक्रमाचे वेगळे, आणि तो सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेने सक्तीचा केलेला नाही. एसक्यूई-१ मध्ये साधारण निम्मे उमेदवार नापास होतात (शिकवण्यांच्या जाहिरातींत ही गोष्ट ठळक छापलेली क्वचितच दिसते), प्रत्येक परीक्षेला तीनच संधी असतात आणि दर वेळी शुल्क नव्याने भरावे लागते. खर्च करायचाच असेल, तर नोकरी सांभाळून आधी फक्त एसक्यूई-१ द्यावी.

मुलीने पदव्युत्तर पदवी घेतलेली नसेल, तर एसक्यूईची तयारी अंतर्भूत असलेल्या एलएलएमसाठी सरकारी पदव्युत्तर कर्ज मिळू शकते. परंतु केवळ परीक्षेसाठी ते मिळत नाही. घरची परिस्थिती बेताची असल्यास लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेच्या डायव्हर्सिटी ॲक्सेस स्कीम या मदत-योजनेसाठीही तिने अर्ज करावा.