शेअर केलेला अख्खा फोल्डर कसा उतरवायचा, आणि लिंक असताना उतरवायचाच कशाला?

तुम्ही विचारलंय की नातेवाइकाने गूगल ड्राइव्हवर शेअर केलेला सगळा फोल्डर कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर एकदम कसा उतरवून घ्यायचा. शेवटी जाता जाता असंही लिहिलंय की घरचे म्हणतात, ‘लिंक आहे ना, मग डाउनलोड कशाला?’ खरं सांगते, मला हा दुसरा भाग जास्त लागला, म्हणून लिहायला बसले.

उतरवून घ्या. आज रात्रीच घ्या. लिंक हातात असली म्हणजे फाइल आपल्याकडे आली असं होत नाही. ज्याचं खातं, त्याची फाइल. त्याने ती काढून टाकली की कचरापेटीत ३० दिवस राहते, मग कायमची जाते. ‘माझ्या ड्राइव्हमध्ये शॉर्टकट जोडलाय’ म्हणून निर्धास्त राहणारे खूप भेटतात. शॉर्टकट ही प्रत नव्हे. मूळ गेलं की शॉर्टकटही उघडत नाही.

आता हे मला एवढं का झोंबतं ते सांगते.

आमचं गाव माण तालुक्यातलं. गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. माझे वडील त्यातली कीर्तनं टेप करायचे. मंडपात पुढे, पखवाजवाल्याच्या शेजारी त्यांचा टेपरेकॉर्डर ठेवलेला असायचा. दर कॅसेटच्या सुरुवातीला ते हळू आवाजात तिथी सांगायचे, सप्ताहाचा कितवा दिवस ते सांगायचे आणि बुवांचं नाव घ्यायचे. मग ‘जय जय राम कृष्ण हरी’ सुरू. अ बाजू संपायची तेव्हा टाळ चालूच असायचे. मधेच खट्ट आवाज, आणि ब बाजू उघडायची ती अभंगाच्या दुसऱ्याच चरणावर. शंभराच्या आसपास कॅसेट होत्या, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात साल. वडील गेल्यावर त्या ट्रंकेत पडून होत्या. त्या उघडल्या तेव्हा काहींच्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली.

माझ्या धाकट्या चुलतभावाने पुढाकार घेतला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्याने पुण्यात एकाकडून सगळ्या कॅसेट डिजिटल करून घेतल्या, तेही डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता. सीडीच्या दर्जाचा डब्ल्यूएव्ही मिनिटाला साधारण १० एमबी खातो. ९० मिनिटांच्या एका कॅसेटचे ९५० एमबी धरा. सगळं मिळून ८० जीबीच्या पुढे गेलं. गूगलचं फुकट खातं १५ जीबीचं, आणि तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. म्हणून त्याने ते ऑफिसच्या खात्यात चढवलं, कारण तिथे जागेची चिंता नव्हती, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली. बुरशी लागलेल्या कॅसेट टाकून दिल्या. म्हणजे त्यांच्यावरचा वडिलांचा आवाज आता फक्त त्या फोल्डरमध्ये होता.

मी म्हटलं, मी हे सगळं हार्ड डिस्कवर घेते. त्यावर ग्रुपवरच उत्तर आलं, ‘अगं ताई, क्लाउडवर आहे ना, कशाला त्रास घेतेस? हार्ड डिस्क बिघडते, क्लाउड बिघडत नाही.’ त्यावर चौघांचे अंगठे. तो आयटीमधला, मी शाळेत शिकवणारी, त्यामुळे वाद तिथेच संपला असं सगळे धरून चालले. मी मात्र घ्यायला बसले.

ड्राइव्हच्या वेबसाइटवर ‘माझ्यासोबत शेअर केलेले’मध्ये फोल्डरवर राइट क्लिक, मग ‘डाउनलोड करा’, इथवर तुम्हाला माहीत असेलच. पुढची गंमत कुणी सांगत नाही. फोल्डर मोठा असला की गूगल त्याच्या साधारण २ जीबीच्या अनेक झिप करतो, म्हणजे बऱ्याच फाइलींचं एकेक बांधलेलं गाठोडं. क्रोम विचारतो, ‘या साइटला एकापेक्षा जास्त फाइली उतरवू द्यायच्या का?’ तिथे होकार दिला नाही तर पहिलीच झिप येते आणि माणूस समजतो की सगळं आलं. प्रत्येक झिप स्वतंत्र असते, पण आतली फोल्डरांची रचना तीच. त्यामुळे सगळ्या झिप एकाच ठिकाणी उलगडायच्या. विंडोजचं ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ प्रत्येक झिपचा वेगळा फोल्डर करतं आणि १९८७चा सप्ताह तीन ठिकाणी विखुरतो. सेव्हन-झिप हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, सगळ्या झिप एकदम निवडा आणि ‘एक्स्ट्रॅक्ट हिअर’ करा. सगळं आपापल्या फोल्डरात जाऊन बसतं.

आणि मोजा. हे मोजणं मी कुणालाही सोडू देत नाही. माझं उतरवून झालं तेव्हा फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींचा आकडा पाहिला, तर तो विषम निघाला. कॅसेटला अ बाजू आणि ब बाजू, दर बाजूची एक फाइल. आकडा सम असायलाच हवा. एकेक साल तपासत गेले तेव्हा काल्याच्या कीर्तनाची ब बाजू सापडेना. एक झिप अर्ध्यावर नेटवर्क तुटून थांबली होती आणि क्रोमच्या यादीत खाली कुठेतरी ‘अयशस्वी’ एवढंच लिहिलेलं. तेवढी एक फाइल वेगळी उतरवली आणि काम पुरं झालं.

पुढे भावाने नोकरी बदलली. कंपनीने नेहमीप्रमाणे त्याचं खातं बंद केलं. खातं काढून टाकल्यावर २० दिवसांपर्यंत कंपनीच्या अ‍ॅडमिनला ते परत आणता येतं, आणि काढण्याआधी फाइली दुसऱ्याच्या नावावरही करता येतात. पण कीर्तनाच्या फोल्डरची आठवण कोण ठेवणार? सप्ताहाच्या तोंडावर काकूंनी लिंक उघडली तर काहीच उघडेना. ग्रुपवर एकदम शांतता. मी त्याच दिवशी माझ्या डिस्कवरून दुसरी प्रत काढून गावी पाठवली.

भाऊ अजूनही म्हणतो की ते ऑफिसच्या खात्यामुळे झालं, वैयक्तिक खात्यात असं होत नाही. होतं. गूगलचा नियमच आहे की २ वर्षं खातं वापरलं नाही तर ते आतल्या सगळ्यासकट काढून टाकता येतं, आणि डिसेंबर २०२३पासून अशी खाती काढायला सुरुवातही झाली. घरातलं कुणी वारलं आणि त्यांच्या खात्यात लग्नाचे, मुंजीचे फोटो असले, तर ही २ वर्षं कधी सरतात कळतही नाही. हार्ड डिस्क बिघडते हे त्याचं म्हणणं खरं आहे. त्यावर उपाय दोन डिस्क, आणि दोन्ही एका घरात नकोत. लिंकवर विसंबणं हा उपाय नव्हे.

फोल्डर फारच मोठा असेल तर झिपच्या नादी लागू नका. फोल्डरचा शॉर्टकट आपल्या ड्राइव्हमध्ये जोडा, कॉम्प्युटरवर ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ टाका, ड्राइव्ह एखाद्या डिस्कसारखा दिसू लागतो. तिथून कॉपी करून आपल्या डिस्कवर पेस्ट. एकच काळजी घ्या: शॉर्टकट उघडून आतलं सगळं निवडा. बाहेरूनच शॉर्टकट कॉपी केला तर विंडोजवर नुसता शॉर्टकटच येतो, आत काही नसतं. कमांड लिहायची भीती नसेल तर आरक्लोन हे फाइली उतरवायचं फुकटचं सॉफ्टवेअर सगळ्यात उत्तम. मधेच वीज गेली तरी पुन्हा तीच कमांड दिली की आलेल्या फाइली सोडून उरलेल्याच आणतो, आणि शेवटी दोन्हीकडचं ताडूनही देतो.

मोबाइलचं म्हणाल तर ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये फोल्डर उतरवायची सोयच नाही. फाइलीला डाउनलोड आहे, फोल्डरला नाही. अँड्रॉइडवर आत जाऊन बोट दाबून धरून बऱ्याच फाइली निवडता येतात, पण आतले फोल्डर एकेक करून उघडावे लागतात. क्रोममध्ये लिंक पेस्ट करून ‘डेस्कटॉप साइट’वर खूण केली तर कधीकधी पूर्ण फोल्डरची झिप मिळते, लहान फोल्डरला चालून जातं. ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ला डाउनलोड समजू नका. ते अ‍ॅपच्या पोटातच राहतं, फोनच्या फाइलींमध्ये दिसत नाही. माझं मत विचाराल तर कॉम्प्युटरवर घ्या आणि केबलने फोनमध्ये टाका. काकूंच्या फोनमध्ये डब्ल्यूएव्ही मावणारच नव्हते, म्हणून मी त्यांच्यासाठी १२८ केबीपीएसचे एमपी३ केले, म्हणजे आवाज दाबून लहान केलेल्या फाइली. ९० मिनिटांचे ९० एमबीही होत नाहीत. मेमरी कार्डावर सगळे सप्ताह बसले. मूळ डब्ल्यूएव्हींना हात लावला नाही.

काही गोष्टी राहिल्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जात नाही, लग्नाच्या व्हिडिओला नेमकं हेच आडवं येतं. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आधीचं काही त्यात असेल तर ते आधी काढून घ्या. फोल्डरमध्ये गूगल डॉक्स, शीट्स असतील तर झिपमध्ये त्यांच्या वर्ड, एक्सेल फाइली होऊन येतात. मांडणी जरा हलते, उघडून पाहा. एखादी फाइल खूप लोकांनी उतरवली असेल तर गूगल ती थोडा वेळ अडवतो, दुसऱ्या दिवशी मिळते. दुसऱ्याच्या ऑफिसची कागदपत्रं असतील तर मात्र माझं हे सगळं विसरा, ती तुमची नाहीत. आणि डाउनलोडचा पर्यायच दिसत नसेल तर मालकाने तो बंद ठेवलाय. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये एक खूण लावली की सुरू होतो, तुमच्या नातेवाइकाला फोन करून तेवढी लावून घ्या. त्याच फोनवर हेही विचारा की हे खातं त्यांचं स्वतःचं आहे की ऑफिसचं. ऑफिसचं असेल तर झोपायच्या आधी डाउनलोड लावून द्या.