वाचक विचारतात : पडलेला सिनेमा उचलून पाहताना

गेल्या अंकात 1987 सालच्या ‘इश्तार’ या अमेरिकन विनोदी चित्रपटावर आम्ही चार ओळींचं टिपण दिलं होतं. जगभर बदनाम झालेला, सपशेल आपटलेला, पण चारचौघांत बसून पाहिला तर भरपूर हसवणारा, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर इंदुरातून पत्रं आली. काही चिडलेली, काही कामाची. सारख्या प्रश्नांची गाठ मारून उत्तरं देत आहोत. चित्रपट न पाहिलेल्यांसाठी गोष्ट एवढीच : न्यूयॉर्कमधले दोन अत्यंत सुमार गीतकार-गायक, लायल (वॉरन बेटी) आणि चक (डस्टिन हॉफमन), मोरोक्कोतल्या हॉटेलात गायची सुपारी घेतात. वाटेत इश्तार नावाच्या काल्पनिक अमिरातीतली बंडखोर तरुणी (इझाबेल अजानी) आणि सीआयएचा माणूस (चार्ल्स ग्रोडिन) दोघांना आपापल्या बाजूला ओढतात, आणि शेवटी दोघं एका आंधळ्या उंटासह वाळवंटात जाऊन पडतात.

सिनेमा पडला म्हणजे लोकांना आवडला नाही. मग तो चांगला म्हणण्याचा हट्ट कशासाठी? (लोकमान्यनगर)

‘पडला’ हा शब्द रसिकांचा नाही, वहीखात्याचा आहे. हे इंदूरकरांना तरी सांगायला नको. सेंट्रल इंडिया, म्हणजे धंद्याच्या भाषेत सी.आय., या वितरण क्षेत्राचा कारभार वर्षानुवर्षं इथूनच चालत आला. समजा, वितरकाने एका चित्रपटाचे सी.आय.चे हक्क 40 लाखांच्या मिनिमम गॅरंटीवर (म्हणजे चित्रपट चालो वा न चालो, निर्मात्याला द्यायची ठरलेली रक्कम) घेतले आणि प्रिंट-जाहिरातीवर 10 लाख घातले. तिकीटविक्रीतून कर आणि थिएटरचं भाडं वजा जाऊन त्याच्या हाती उरतो तो ‘शेअर’. शेअर 35 लाख आला, तर 15 लाखांचा खड्डा आणि चित्रपट पडला. हेच हक्क 20 लाखांना घेतले असते तर तेवढ्याच प्रेक्षकांवर, तेवढ्याच हशांवर 5 लाख सुटले असते आणि बाजारात ‘चालला’ म्हणून बोलबाला झाला असता. पडद्यावरची एकही चौकट बदललेली नाही, बदलला तो खरेदीचा आकडा.

आता ‘इश्तार’चा हिशेब. खर्च सुमारे 5 कोटी 10 लाख डॉलर सांगितला जातो. अमेरिकेतली तिकीटविक्री साधारण 1 कोटी 44 लाख डॉलर. त्यातला ढोबळमानाने निम्माच स्टुडिओकडे येतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच असतो. पण पहिल्या शुक्रवार ते रविवारी तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता, सुमारे 43 लाख डॉलर घेऊन. दुसऱ्या क्रमांकावरच्या स्वस्तातल्या भयपटाने जवळपास तेवढेच कमावले आणि तो यशस्वी ठरला.

दोन वेडे वाळूत फिरतात, त्याला एवढा पैसा लागलाच कसा? (सुदामानगर)

दोन मोठ्या नटांचं मानधन, मोरोक्कोतलं चित्रीकरण, छायाचित्रणाला ‘अपोकॅलिप्स नाऊ’वाले व्हित्तोरियो स्तोरारो, आणि एकाच प्रसंगाचे टेकवर टेक. लेखिका-दिग्दर्शिका एलेन मे फिल्म हात न आखडता वापरत. ‘मायकी अँड निकी’ (1976) या त्यांच्या आधीच्या चित्रपटातही हाच अनुभव आलेला होता.

पण खर्चापेक्षा घात केला तो तारखेने. चित्रपट 1986च्या नाताळात लागायचा होता, तो 15 मे 1987ला लागला. मधले पाच महिने वर्तमानपत्रांकडे चित्रपट नव्हता, फक्त खर्चाच्या बातम्या होत्या. त्यातच कोलंबिया स्टुडिओची सूत्रं डेव्हिड पटनम यांच्याकडे आली. त्यांचे बेटी आणि हॉफमन या दोघांशीही आधीचे खटके होते, त्यामुळे घरचा माणूसच पाठीशी नाही अशी अवस्था झाली. तिकीट काढून आत बसलेला माणूस प्रत्येक दृश्यात ‘पैसे कुठे गेले?’ हे शोधू लागला. आणि हा विनोद तर हळू आवाजातला, दोन माणसांच्या बडबडीवर चालणारा. भव्य काहीतरी पाहायला मिळणार या अपेक्षेने बसलेल्या प्रेक्षकापुढे तो अंग चोरून उभा राहतो. हाच चित्रपट तिऱ्हाईत नटांना घेऊन 50 लाख डॉलरांत काढला असता तर छोटा, विक्षिप्त, गोड म्हणून नावाजला गेला असता, असं आमचं मत आहे.

पहिली वीस मिनिटं पाहिली. गाणी इतकी भीषण की बंद केला. पुढे सुधारतो का? (टिळकनगर)

पुढे जाऊ नका, मागे या. चित्रपटाचा सर्वोत्तम भाग तोच आहे!

ही गाणी लिहिली पॉल विल्यम्स यांनी. गीतलेखनासाठी ऑस्कर मिळवलेला माणूस. त्यांना काम दिलं होतं वाईट गाणी लिहिण्याचं, आणि वाईट गाणं मुद्दाम लिहिणं हे फार नाजूक काम आहे. नुसतं बेसूर, अर्थहीन काही गायलं तर प्रेक्षक दोन ओळींत हसतो आणि तिसरीला जांभई देतो. गाणं ‘जवळजवळ बरं’ असावं लागतं. सुरुवात चांगली, कल्पना खरी, यमक जुळलेलं, आणि मग एक शब्द असा की तालात मावत नाही, पण कवीला इतका आवडला आहे की तो काही केल्या सोडत नाही. गणेशोत्सवात स्वरचित गीत म्हणणारे गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. ते सुरात असतात आणि भावनाही सच्ची असते, घोटाळा नेमका दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत होतो.

दुसऱ्यांदा पाहताना गाण्याकडे लक्ष न देता एक गाताना दुसऱ्याचा चेहरा पाहा. मित्राच्या प्रत्येक टाकाऊ ओळीवर तो भारावून जातो. दोघांपैकी एकालाही आपण विनोदी आहोत याची गंधवार्ता नाही. आपल्या फार्सात जे पथ्य पाळतात तेच इथे आहे : हसायचं प्रेक्षकांनी, पात्राने नाही. शिवाय भूमिकांची अदलाबदल ध्यानात ठेवा. पडद्यावर आणि बाहेरही रुबाबदार म्हणून गाजलेला बेटी इथे बायकांपुढे ततपप करणारा बावळट आहे, आणि स्त्रियांवर छाप पाडणारा म्हणून मिरवतो तो हॉफमन. 1987मध्ये काही प्रेक्षकांना ही चुकीची नटनिवड वाटली. ती गंमत होती.

खिडकीबाहेरच्या कठड्याचा प्रसंग चुकवू नका. चक जीव द्यायला निघालेला असतो आणि लायल त्याची समजूत काढतो ती अशी की, एवढ्या वयात हाती काहीही नसणं यालाच हिंमत लागते, कमी पत्करण्यापेक्षा तू काहीच न पत्करणं निवडलंस. वाक्य मूर्खपणाचं आहे आणि त्यात माया आहे. हा प्रसंग ज्याला भिडला नाही त्याने चित्रपट खरोखर सोडून द्यावा, आमची हरकत नाही.

उंट खरंच आंधळा होता का? (पलासिया)

कथेत आंधळा आहे. उंटाच्या खरेदीचे जे किस्से सांगितले जातात त्यांनी चित्रपटाचं भलं केलेलं नाही. पडद्यावर पाहा : सगळे जीव तोडून अभिनय करत असताना एकटा उंटच काही करत नाही.

रामबागेत सोसायटीच्या हॉलमध्ये 45-50 जणांना दाखवायचा विचार आहे. तयारी काय लागेल?

आधी परवानगी. विकत घेतलेल्या डिस्कवर किंवा घरच्या ओटीटी खात्यावर फक्त घरी पाहण्याची मुभा असते. सार्वजनिक खेळासाठी, तिकीट नसलं तरी, हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. डिस्क मागवणार असाल तर पाकिटावरचं रीजनचं अक्षर पाहा. ब्लू-रेसाठी अमेरिका ‘ए’ मध्ये येते, भारत ‘सी’ मध्ये. नुसत्या ‘ए’ची डिस्क इथल्या प्लेअरवर अडू शकते. मूळ चित्रपट 107 मिनिटांचा, 2013च्या ब्लू-रेवरची आवृत्ती 105 मिनिटांची. फरक नगण्य, मिळेल ती घ्या.

20 बाय 30 फुटांच्या हॉलला 8 फूट रुंद पडदा पुरतो. त्याची उंची साडेचार फूट होते. पडद्याची खालची कड जमिनीपासून 4 फुटांवर हवी, कारण इंग्रजी उपशीर्षकं खाली येतात आणि पुढच्यांच्या डोक्याआड गेली की मागच्या तीन रांगा फक्त ‘काय म्हणाला?’ विचारत बसतात. हॉल पूर्ण काळोखा होत असेल तर 3000 ते 3500 ल्युमेन उजेडाचा प्रोजेक्टर भागवतो. थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) 1.5 असेल तर तो पडद्यापासून 12 फुटांवर येईल, म्हणजे ऐन खुर्च्यांच्या मध्ये. तिथे मोकळी पट्टी सोडा. चित्र तिरकं दिसलं की सगळे प्रोजेक्टरवरचं चित्र सरळ करायचं कीस्टोनचं बटण दाबतात. ते टाळा, अक्षरं पुसट होतात. टेबलाखाली विटा घाला, प्रोजेक्टर सरळ करा.

खरी मेख आवाजात आहे. प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर विसंबू नका. दोन ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेले) स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर ठेवा. ब्लूटूथने जोडू नका, आवाज ओठांच्या मागे पडू शकतो आणि विनोदात तेवढ्यानेही मजा जाते. तारेनेच जोडा. घूंऽऽ असा आवाज आला तर लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावून पाहा. बहुतेक वेळा जातो. रिकाम्या हॉलमध्ये जो आवाज बरोबर वाटेल त्यापेक्षा थोडा जास्त ठेवा. माणसं आवाज शोषतात, आणि एका हशाखाली पुढचं वाक्य बुडतं. या चित्रपटात चांगली वाक्यं बऱ्याचदा हशाच्या मागूनच येतात. जुने छतपंखे खडखडत असतील तर उन्हाळ्यात खेळ रात्री साडेआठनंतर ठेवा.

खुर्च्या येणाऱ्यांपेक्षा पाचने कमी मांडा, उरलेल्या भिंतीशी ठेवून लागतील तशा द्या. हसू शेजारच्याकडून लागतं. दोनशेच्या सभागृहात पन्नास माणसं विखरून बसली की तोच चित्रपट निम्मा उरतो. 1987च्या मेमध्ये दुसऱ्या आठवड्यानंतर रिकाम्या थिएटरांत ‘इश्तार’ पाहणाऱ्यांचं काय झालं असेल, याचा अंदाज त्यावरून करा.

मध्यंतर नको. पोहे-जिलबी आणि चहा आधी उरकून घ्या. शेवेची पाकिटं आत सोडलीत तर उपशीर्षकं आहेत हीच देवाची कृपा म्हणायची.

एक ए-फोर कागद मराठीत छापून वाटा : सहा पात्रांची नावं आणि कोण कोणाच्या बाजूचा, कथेत सगळे ज्याच्या मागे लागतात त्या जुन्या नकाशाची भानगड दोन वाक्यांत, पहिल्या गाण्याचा भावार्थ. मोरोक्कोत पोचल्यावर कथानक भराभर गुंतत जातं आणि इंग्रजी वाचत बसणाऱ्याचा धागा तिथेच सुटतो.

अशा चित्रपटावर लेख लिहायचा आहे. पद्धत सांगाल? (स्नेहलतागंज)

दोनदा पाहा. पहिल्यांदा वही बंद. दुसऱ्यांदा घड्याळ लावून हसू आलेली मिनिटं टिपा. ‘इश्तार’मध्ये टिपणं सुरुवातीला दाट पडतील, मध्ये विरळ होतील आणि शस्त्रांच्या लिलावापाशी, जिथे हॉफमन दुभाषा असल्याची बतावणी करत वाट्टेल ते बडबडतो, पुन्हा दाट होतील. ही विरळ जागा लपवू नका. मधला भाग रेंगाळतो, इझाबेल अजानीसारख्या अभिनेत्रीला बराच वेळ कपड्यांत गुंडाळून ठेवलं आहे, आणि अरब पात्रांवरचे काही विनोद आज खटकतात, खटकायलाच हवेत. ‘दुर्लक्षित अजरामर कलाकृती’ वगैरे लिहिलंत तर वाचक चित्रपट पाहील आणि तुम्हाला हसेल.

प्रदर्शनाच्या वेळचं राजकारण मात्र एका परिच्छेदात जरूर घ्या. परदेशातल्या हुकूमशहाला टेकू देणारा सीआयएचा गोडबोल्या माणूस ग्रोडिनने ज्या थंडपणाने उभा केला आहे, तो पडद्यावर आला तेव्हा वॉशिंग्टनमध्ये इराण-काँट्रा प्रकरणाच्या (इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना पुरवल्याच्या) जाहीर सुनावण्या सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. तेव्हा परीक्षणं बजेटवर लिहिली जात होती.

आणि न पाहता लिहू नका. व्यंगचित्रकार गॅरी लार्सन यांनी नरकातलं व्हिडिओ दुकान काढलं होतं, सगळ्या कपाटांत एकच चित्रपट, ‘इश्तार’. पुढे विमानात त्यांनी तो पाहिला, करमणूक झाली, आणि न पाहता चित्र काढल्याची चूक त्यांनी छापून कबूल केली.

एलेन मे यांचं पुढे काय झालं? (एक वाचक)

वाईट दिग्दर्शनाचा रॅझी पुरस्कार विभागून त्यांच्या माथी मारला गेला. त्यानंतर त्यांनी दिग्दर्शित केलेला कथाचित्रपट आलेला नाही. ‘द बर्डकेज’ (1996) आणि ‘प्रायमरी कलर्स’ (1998) यांच्या पटकथा त्यांच्याच. 2022मध्ये त्यांना सन्माननीय ऑस्कर मिळालं.

आपल्याकडचं असं उदाहरण? आणि मुलांसोबत काय पाहावं? (राजेंद्रनगर)

‘इश्तार’ तेरा वर्षांखालच्या मुलांना नको. कठड्याचा प्रसंग त्यांना विनोद म्हणून कळणार नाही आणि एक-दोन दृश्यं मोठ्यांची आहेत. मुलांसाठी ‘अंदाज अपना अपना’. 4 नोव्हेंबर 1994ला लागला तेव्हा थंड पडला. ऑगस्टपासून ‘हम आपके हैं कौन’ थिएटरं अडवून बसला होता, म्हणजे इंदुरात जन्मलेल्या सलमान खानची गाठ सलमान खानशीच पडली. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि केबलवर लोकांनी तो तुकड्या-तुकड्यांनी पाठ केला, आणि एप्रिल 2025मध्ये तो पुन्हा थिएटरांत लागला. जगदीपचा बांकेलाल भोपाली माळव्यातल्या मुलांना उच्चारासकट कळेल. हा मात्र 160 मिनिटांचा आहे, तेव्हा मध्यंतर ठेवा आणि पोहे तेव्हा काढा. मुलं संवाद पडद्याच्या आधी म्हणतील. त्यांना गप्प करू नका, आवाज वाढवा.