मामांच्या खोक्यातल्या ‘नाऊ’ सीड्या: विकायच्या की ठेवायच्या?

तुमचा प्रश्न असा, की इंग्लंडातल्या मामांनी घर आवरताना ‘नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक’ या गाजलेल्या गाण्यांच्या संकलन मालिकेच्या 18 जोडसीड्या तुमच्या गळ्यात मारल्या. त्यांना काही किंमत येईल का? आणि सगळी गाणी मोबाइलवर मिळत असताना त्या चिपळूणच्या दमट हवेत सांभाळायच्या कशाला?

पैशाचं आधी उरकतो. फारसे येणार नाहीत. ही मालिका तिकडे घरोघरी होती. 1999 च्या नाताळाच्या तोंडावर आलेला ‘नाऊ 44’ एकटाच 23 लाखांच्या आसपास खपला. इतक्या प्रती असलेल्या वस्तूला दुर्मीळ कोण म्हणणार? मात्र खोक्यात 1984 चा ‘नाऊ 4’ सीडीवर असेल, तर हात जरा सांभाळून. मालिकेतली ती पहिली सीडी. दोन एलपींमधली (म्हणजे मोठ्या रेकॉर्डमधली) निवडक गाणी एकाच तबकडीवर घेतली होती, आणि तेव्हा सीडी प्लेअर होते कितीजणांकडे! संग्राहक तिच्या मागे असतात. बाकीच्या विकून दोन वेळचं मासळीचं जेवणही सुटणार नाही.

आता ठेवायच्या का, ते सांगतो. त्यासाठी ही भानगड सुरू कशी झाली ते कळायला हवं. सत्तरच्या दशकात के-टेल, रॉन्को अशा कंपन्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांकडून गाजलेली गाणी भाड्याने घ्यायच्या आणि एका एलपीवर वीस-वीस कोंबायच्या. एलपीवर खोबणीला जागा ठरावीकच असते. एका बाजूला जास्त मिनिटं भरली की खोबणी जवळजवळ येतात, आवाज बारीक ठेवावा लागतो, म्हणून गाण्यांना सरळ कात्री लागायची. आपल्याकडे दुकानात कॅसेट भरून घ्यायचो तेव्हाही हेच. वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, दुकानदार नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून द्यायचा, आणि बी साइडचं शेवटचं गाणं दुसऱ्या कडव्यात ‘खट्’ करून संपायचं. माझ्या डोक्यात एक गाणं आजही तिथेच तुटतं, पूर्ण ऐकलं की उगाच लांबवल्यासारखं वाटतं.

मग व्हर्जिन आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपन्यांना सुचलं की गाणी आपली, तर मलई दुसऱ्याने का खावी? दोघांनी मिळून 28 नोव्हेंबर 1983 ला पहिला ‘नाऊ’ काढला. दोन एलपी, 30 गाणी, त्यांतली 11 तिथल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेली. नावाची गोष्ट मजेशीर आहे. डॅनिश बेकनच्या एका जुन्या जाहिरातीत डुक्कर कोंबडीचं गाणं ऐकत बसलंय आणि खाली हेच वाक्य. व्हर्जिनच्या रिचर्ड ब्रॅन्सनने ते पोस्टर जुन्या वस्तूंच्या दुकानातून उचललं आणि व्हर्जिनमधल्या सायमन ड्रेपर या आपल्या नात्यातल्या भावाच्या टेबलामागे टांगलं. तिथून ते नाव आलं, आणि डुक्करही पुढे काही वेष्टनांवर झळकलं.

त्या पहिल्या अंकाची यादी बघा. फिल कॉलिन्सने सुरुवात, मग यूबी40 चं रेगे, केसी अँड द सनशाइन बँडचा डिस्को, रॉक स्टेडी क्रूचं हिप-हॉप, आणि त्याच रांगेत द क्युअर. एरवी यांचे चाहते एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहिले नसते. कोणत्याही जाणकाराने ‘1983 ची श्रेष्ठ गाणी’ म्हणून अशी मिसळ केली नसती. म्हणूनच मला ती खरी वाटते, कारण त्या वर्षी तिथल्या रेडिओवर हे असंच एकामागोमाग वाजत होतं. वर्षाला साधारण तीन अंक निघतात, म्हणजे मामांच्या प्रत्येक सीडीत चारेक महिने बंद आहेत. मोबाइलवरच्या ‘नव्वदच्या हिट्स’ यादीत तीस वर्षांनी टिकलेलीच गाणी येतात. इथे न टिकलेलीही आहेत. दुसऱ्या तबकडीचा शेवटचा अर्धा भाग मुद्दाम ऐका. अंक बांधताना काही नव्या गाण्यांवर डाव लावलेला असतो, आणि काही डाव साफ फसलेत. मला त्यातच जास्त सापडलंय.

दुसरं कारण तांत्रिक आहे. अशा संकलनांवर बरेचदा सिंगलची, म्हणजे एकेक गाणं सुटं विकायच्या रेकॉर्डवरची, छोटी आवृत्ती असते. बॉनी टायलरचं ‘टोटल इक्लिप्स ऑफ द हार्ट’ तिच्या अल्बमवर सात मिनिटांचं आहे, सिंगलवर साडेचारच्या आसपास. मोबाइलवर शोधलं की पुष्कळदा लांब किंवा नव्याने मास्टर केलेलं, म्हणजे आवाज पुन्हा घडवलेलं, हाती लागतं. लोकांनी रेडिओवर ऐकलेलं नेमकं रूप हवं असेल, तर तुमचं खोकं उघडा आणि मिनिटं ताडून बघा.

उघडताना काळजी घ्या. जुन्या जोडसीड्यांच्या जाड डब्यांत स्पंजची चकती ठेवलेली असायची. ती वितळून सीडीला चिकटते. असली तर आजच काढून टाका. मग सीडी उजेडासमोर धरा. कडेकडून तपकिरी-सोनेरी रंग चढलेला दिसला तर ती गंजतेय. 1988 ते 1993 च्या दरम्यान इंग्लंडातल्या एका कारखान्यात निघालेल्या बऱ्याच सीड्यांना हा रोग आहे. सीडीवरच्या लेपाचं पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाशी जमलं नाही. अशांची कॉपी सगळ्यात आधी करा.

कॉपी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइलमध्ये करा, एमपी3 मध्ये नको. फाइलच्या माहितीतल्या ‘अल्बम आर्टिस्ट’च्या रकान्यात सगळीकडे ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’ भरा. मी पहिल्या वेळी ते विसरलो, आणि एका अल्बमचे चाळीस गायकांचे चाळीस अल्बम होऊन बसले. ते निस्तरण्यात गणपतीची सगळी सुट्टी गेली.

आणि चौथा अंक निघालाच तर विकायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो इथे टाका.